टेकचंदरावांचं नाव

कलाबाईला सुई हवी होती आणि सुखवंताबाईला ती नको होती, इतकीच काय ती गोष्ट.

गोंदियातल्या त्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात दोघींच्या खाटा शेजारी होत्या. केशोरीकडच्या कलाबाईच्या अंगात रक्त कमी, म्हणून तिला लाल गोळ्या. बोदलकशाकडच्या सुखवंताबाईला साखरेचा आजार नुकताच कळलेला, म्हणून तिला जेवणाआधी इन्सुलिनची सुई. गोळ्यांवर कलाबाईचा काडीचा विश्वास नव्हता. "गोळी मंजे मुरमुरा. पोटात गेली का गेली. सुई टोचली का अंगाले समजते, कोनी तरी भेटाले आलं," ती म्हणायची. सुखवंताबाई मात्र सुई पाहिली की पदरात अशी मिटायची, जशी बांधावरची लाजाळू बोट लागण्याआधीच मिटते.

त्या सकाळी नर्सिंगच्या मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा होती. रोजच्या सिस्टर बाहेर थांबलेल्या, वॉर्डात सगळे चेहरे नवे. कलाबाईला ही संधी दिसली.

"सुखवंते, ऊठ. तू माह्या खाटेवर ये. तुही सुई मी घेते, माह्या गोळ्या तू खाय."

"चालते का वं असं?"

"काऊन नाई चालत? आपन भाजी नाई देत का एकमेकीले?"

भाजीचा दाखला सुखवंताबाईला पटला. कागद खाटांना लटकलेले तसेच राहिले, बाया तेवढ्या बदलल्या.

थोड्या वेळानं हातात ट्रे घेऊन परीक्षा देणारी रंजिता आली. मागून परीक्षक सुशिलाबाई मॅडम. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला की मुलींना पाठ केलेले डोस आठवेनासे होत. रंजिता मागच्या परीक्षेत फार वेळ लावते म्हणून नापास झाली होती. आज पुन्हा तेच झालं तर नर्सिंगची शाळा सुटणार होती, आणि त्या पांढऱ्या कपड्यांवर तिचा फार जीव होता.

"नाव सांगा, मावशी."

"सुखवंता." कलाबाईनं बाही आधीच वर करून ठेवली होती.

कागदावर तेच होतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. रंजितानं शिकवल्याप्रमाणे ओळखीची दुसरी खूण विचारली, "आणि यजमानांचं नाव?"

"टेकचंद!"

भरतीच्या वेळी कारकुनानं मोठ्यानं वाचलेलं ते नाव कलाबाईनं कंडक्टरनं थांबा पुकारावा तसं पुकारलं. कागदावरही टेकचंदच होतं. तरी रंजिताचा हात थबकला. तिच्या आईनं, आजीनं, गावातल्या कुठल्याच मावशीनं नवऱ्याचं नाव असं फटकन घेतलेलं तिनं ऐकलं नव्हतं. कुणी विचारलं की त्या पदराचं टोक पिळत, शेजारणीला कोपर मारत, "तूच सांग ना वं" म्हणत. इथं तर ना पदर हलला, ना पापणी.

"थांबलीस का? डोस विसरलीस?" मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. दहा युनिट. बाटली मिलीला चाळीस युनिटची आहे, सिरिंजही त्याच मापाची घेतली."

"बरोबर आहे. मग दे की! मागच्या खेपेलाही अशीच रेंगाळली होतीस."

ही बाई भलतीच असली आणि तिला हे औषध गेलं, तर असलेली साखर उतरून ती भोवळ येऊन पडेल, जिवावरही बेतेल. बरोबर असली, तर आपली परीक्षा गेली. उखाण्यात तरी ही लाजते का ते पाहावं म्हणून रंजितानं सिरिंज हलकेच ट्रेमध्ये ठेवली.

"मावशी, उखाणा घ्या."

"परीक्षेत उखाणा?" मॅडमचा चष्मा नाकावर घसरला.

पण कलाबाई धानाच्या रोवणीच्या गाण्यांत वाढलेली. चिखलात उभ्या उभ्या जिनं शंभर कडवी जोडली, तिला एक उखाणा काय जड! ती खाटेवर ताठ बसली.

"तळ्याच्या काठी बगळ्यांची रांग,
टेकचंदरावाचं नाव घेते, सुई कवा देतेस सांग!"

वॉर्ड खदखदून हसला. कोपऱ्यातली एक म्हातारी खोकता खोकता "वा वं बाई!" म्हणाली. कलाबाईला चेव चढला.

"आनखी एक घेते. मोहाच्या झाडाखाली चांदन्याचा सडा, टेकचंदराव माह्या जिवाचा…"

"बस झालं वं!" शेजारच्या खाटेवरून सुखवंताबाई ताडकन उठली. "सुई दिली होती तुले, नवरा नाई!"

नेमका त्याच वेळी दारात जेवणाचा डबा घेऊन टेकचंद उभा होता. त्यानं आधी स्वतःच्या बायकोकडं पाहिलं, मग तिच्या खाटेवरच्या परक्या बाईकडं.

"बाई, तुमी कोन? माह्या नावाचा उखाणा काऊन घेऊन राहिल्या?"

"सुईपुरताच, भाऊ," कलाबाई खालमानेनं म्हणाली.

मॅडम ट्रेमधल्या भरलेल्या सिरिंजकडं पाहत स्टुलावर बसल्या. "मी 'दे' म्हणाले होते," त्या हळूच म्हणाल्या. रंजिताकडं त्यांनी असं पाहिलं, जसं जाणतं माणूस पहिल्या लोंबीकडं पाहतं. हातातलं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं.

"दोघी आपापल्या खाटेवर जा. रंजिता, पुन्हा पहिल्यापासून. नवरा समोर उभा असला तरी नियम तो नियम. आणि हवा तेवढा वेळ घे."

रंजिता सुखवंताबाईजवळ गेली. "नाव सांगा, मावशी."

"सुखवंता."

"यजमानांचं नाव?"

सुखवंताबाईनं ओठ उघडले आणि मिटले. पदर कपाळावर ओढला. दाराकडं चोरून पाहिलं तर टेकचंद डब्याच्या कडीशी चाळा करत होता. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती लाजली आणि दंडावर येणाऱ्या सुईला विसरली.

"मी सांगू का वं?" कलाबाईला राहवेना.

"तू चूप बस!" सगळा वॉर्ड एका सुरात म्हणाला.

सुखवंताबाईच्या तोंडून शेवटपर्यंत अक्षर निघालं नाही.

"उत्तर बरोबर आहे," सुशिलाबाई मॅडम म्हणाल्या. "दे आता."