राजगिऱ्याची काडतुसं

निवडणुकीचे दिवस होते, आणि मी भर पोलीस ठाण्यात फौजदारांपुढं काडतुसांचा डबा उघडून धरला. वर म्हणालो, "घ्या ना साहेब, घरचे लाडू आहेत."

फसवायचा हेतू नव्हता. डब्यात काय आहे ते मीही बघितलं नव्हतं. पण हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी शिवाप्पा सांगावे लागतील.

शिवाप्पा सास्तूरला माझ्या शेजारी राहतात. भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं, तेव्हा आमच्या ओळीतली सगळी घरं एका मापाची झाली. मी इथं खताचं दुकान टाकायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांचं घर माझं समजून आत शिरलो, चपला काढल्या आणि बाजेवर अंग टाकून म्हणालो, "चहा टाक गं." चहा आला. पण आणणाऱ्या बाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. शिवाप्पा समोरच बसलेले. रागावायचं सोडून ते खूश झाले. "बघा, मापाचा गुण! एक माप, दोन घरं. मानूस चुकला तरी बिनच्याचा ऱ्हात न्हाय."

'एक माप, दोन घरं' हा त्यांचा मंत्र. घरातली सगळी कुलपं एका किल्लीची. चष्मा त्यांचा आणि काकूंचा मिळून एकच. काकू तांदूळ निवडायला बसल्या की आप्पांचा पेपर थांबतो. दोघांचे पाय एका मापाचे निघाले नाहीत, याचं त्यांना लग्नापासून वाईट वाटतं.

मंत्राचं मूळ म्हणजे बंदूक. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या अमलात दोन हत्यारं घेतली होती. एक लांब रायफल, घोड्याखालची लोखंडी कडी खाली-वर केली की भरणारी. आणि एक सहा घरांचं रिव्हॉल्व्हर. दोन्हींना काडतूस एकच. "खिशात हात घालावा, हाताला यील ते दोन्हीत बसावं. कुठलं कुणाचं, इचारायचंच न्हाय." परवाने आजही चालू आहेत, पण त्या मापाची काडतुसं मिळेनाशी झाली. घरी दारू भरायला परवानगी नाही, आणि शिवाप्पा कायदा मोडणाऱ्यांतले नव्हेत. म्हणून ते दारू सोडून बाकी सगळं करतात.

म्हणजे आजोबांच्या वेळची पितळी नळकांडी चिंचेच्या कोळानं घासायची. शिसं वितळवून साच्यात गोळ्या पाडायच्या. एकेक गोळी सोनाराच्या काट्यावर तोलायची. गुंजभर जास्त भरली की परत कढईत. नळकांड्यात दारूऐवजी मोजून राजगिरा घालायचा आणि टेबलाला ठोकलेल्या दांड्याच्या यंत्रानं वर गोळी दाबून बसवायची.

"राजगिराच का?" मी एकदा विचारलं.

"रवा सादळतो," ते गंभीरपणे म्हणाले. जणू त्यानं बार फुसका गेला असता.

हरभऱ्यात रानडुकरं शिरली की ते ही काडतुसं रायफलीत भरतात, बांधावर गुडघा टेकून नेम धरतात आणि तोंडानं ओरडतात, "ढुम्म!" मग कडी ओढतात, काडतूस जसंच्या तसं बाहेर उडतं, आणि परत "ढुम्म!" डुकरं खरोखर पळतात. ढेकळांतून काडतुसं वेचायला मी असतो.

"आप्पा, नुसतं ओरडलात तरी पळतील की."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी खतंच इका."

रिव्हॉल्व्हर मात्र वाटणीत धाकट्या भावाकडं, मल्लाप्पांकडं, मुरुमला गेलेलं. त्याच वाटणीत विहिरीच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं, ते कायमचं. मयतीलाही एकमेकांकडं पाठ करून बसतात, असं काकू सांगायच्या.

तर आचारसंहिता लागली. परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची होती. शिवाप्पा रायफल देऊन आले ते मुलीची पाठवणी करून आल्यासारखे. दुसऱ्या दिवशी मी मालासाठी मुरुमला निघालो, तर त्यांनी फडक्यात बांधलेला डबा हातात ठेवला. "मल्ल्याला द्या. दुधाचा टेम्पोवाला न्हितो एरवी, पर टेम्पो निवडणुकीला धरलाय."

"निरोप काय सांगू?"

"निरोप कशाला? डबा द्या म्हनलं ना."

आदल्या दिवशी त्यांच्याकडून बेसन भाजल्याचा वास आला होता. डबा जड होता. काकूंचे लाडूही जडच असतात. मी हिशेब करून टाकला.

मल्लाप्पा घरी नव्हते; रिव्हॉल्व्हर जमा करायला गेले होते. तसाच ठाण्यात गेलो, तर ही रांग! त्यांना लवकर सोडावं म्हणून मी फौजदारांचं तोंड गोड करायला गेलो. पुढचं वर आलंच आहे.

रांगेतले सगळे बंदूकवाले एकदम एका हवालदाराच्या मागं लपले.

"हे काय?" फौजदार म्हणाले.

"बेसनाचे," मी म्हणालो. तोंडात तेच तयार होतं.

मला दंडाला धरून बाकावर बसवलं. तेवढ्यात रांगेतून शिवाप्पांचंच नाक घेऊन एक धिप्पाड गृहस्थ पुढं आले. "साहेब, दारू न्हाय त्यात. आमच्या अण्णाचं काम हाय." त्यांनी पकड मागवली, एक गोळी उपटली, आणि फौजदारांच्या टेबलावर राजगिरा सांडला.

"म्हणजे मी अगदीच खोटं नव्हतो बोललो," असं मी म्हणून पाहिलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"हे तुम्हाला कशाला पाठवतात?" फौजदारांनी मल्लाप्पांना विचारलं.

मल्लाप्पांनी मान खाली घातली. "अण्णा भरून धाडतो. म्या गोळ्या उपटून, रिकामं करून माघारी धाडतो. मंग त्यो परत भरतो."

"कशासाठी पण?"

"डबा आला की कळतं, अण्णाचा हात चालतोय. माघारी गेला की त्याला कळतं, म्या हाय."

"अहो, फोन करायचा की!"

"भांडन हाय न्हवं साहेब."

फौजदारांनी कपाळाला हात लावला, पण तपासणी होईपर्यंत डबा ठेवून घेतला. "तेवढा संबाळा," मल्लाप्पा हात जोडून म्हणाले. "ह्या मापाची नळकांडी परत मिळायची न्हाईत."

सास्तूरला येऊन मी सगळं सांगितलं. शिवाप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते रिकाम्या टेबलाशी बसून राहू लागले. हातांना चैन नाही म्हणून काकूंची सगळी पितळी भांडी घासली, मग आमच्या देवघरातली घंटा मागून नेली. डुकरं हरभरा खाऊन गेली, तरी ढुम्म नाही. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "टेम्पो सुटला का?" टेम्पो सुटला होता. आणणार काय?

मतदान उरकलं, निकाल लागला, आणि एका सकाळी मोटारसायकल थांबली. अर्थातच माझ्या दारात. मल्लाप्पा आत येऊन, चपला काढून माझ्या बाजेवर टेकले आणि म्हणाले, "अण्णा कुठं हाय?" मी त्यांना शेजारी नेलं.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊ, मधे मी आणि ठाण्यातून सुटलेला डबा.

"इचारा त्याला, जेवला का," शिवाप्पा मला म्हणाले.

"सांगा, जेवलो."

"सांगा, खोटं बोलतोय. सकाळच्या पारी कोन जेवतं?"

काकू मुकाट्यानं ताट वाढायला गेल्या. शिवाप्पांनी डबा उघडला. सगळी नळकांडी रिकामी, घासून लखलखीत. एकेक उचलून ते उजेडात धरत राहिले. मल्लाप्पा त्यांच्या हाताकडंच बघत होते.

"अण्णा," ते एकदम म्हणाले, मला वगळून. "ह्या मानसाच्या हातात परत डबा द्यायचा न्हाय."

"न्हाय द्यायचा." शिवाप्पांनी पुढचं नळकांडं उचललं. "तूच यीत जा. घिऊन जा."

मलाही काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हणालो, "पण आता टेम्पो सुटलाय की! तो नेईल."

दोन्ही भावांनी एकाच वेळी माझ्याकडं पाहिलं.

"अण्णा, हे काय करतंय?"

"खत इकतंय."

"तरीच," मल्लाप्पा म्हणाले.