गुलाबरावांचा पहिला नंबर

चि. मिहिर आणि सई,

काल फोनवर तुमच्या आईने सांगितलं, की शर्यतीत चौथा आल्यापासून मिहिरने पोहणंच सोडलं आहे. पोहायला आवडतं, पण चौथं यायला आवडत नाही, असं त्याचं म्हणणं. ते ऐकलं आणि मला आमच्या शेजारचे गुलाबराव आठवले. त्यांच्याविषयी तुम्हाला सांगायचंच राहिलं होतं. आज सांगून टाकते.

गुलाबराव फेब्रुवारीत कूलर लावत. नागपूरचा उन्हाळा कडक खरा, पण तोही होळीआधी येत नाही. गुलाबराव मात्र वाळ्याच्या ताट्या बांधून, पाणी सोडून, अंगात स्वेटर आणि कानाला मफलर अशा थाटात त्या गार वाऱ्यात बसलेले असायचे. आत शांताबाई, म्हणजे त्यांची बायको, सटासट शिंकायची.

मी एकदा म्हटलं, "गुलाबराव, बंद करा ना तो."

"वहिनी, मोहल्ल्यात पयला कूलर कोणाचा लागला? आपला. आता बंद केला त शेंडे लावून टाकन."

शेंडे समोर राहायचे. आपण कुठल्या शर्यतीत आहोत, याचा त्या बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता.

गुलाबराव सरकारी कचेरीत कारकून होते. लग्नाच्या पंगतीत त्यांचं पान सर्वांत आधी रिकामं व्हायचं. एकदा गल्लीतली सगळी मंडळी मिळून रामटेकला गेलो, तर हे गडाच्या पायऱ्या धावत चढले आणि आम्ही अर्ध्यावर पोचतो तोवर खाली उतरतानाही दिसले. "दर्शन झालं का?" मी विचारलं. म्हणाले, "लाइन लय मोठी होती वहिनी. थांबलो असतो त उतरतानी पयला नंबर गेला असता."

पण या सगळ्याचं शिखर म्हणजे तान्हा पोळा. तुम्ही तो पाहिलेला नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. पोळा खऱ्या बैलांचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा. लाकडी बैलाला चाकं असतात. मुलं तो सजवतात, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा नाणं, घेऊन पुढच्या दारी जातात. आमच्या गल्लीच्या मैदानात सजावटीचे नंबरही निघत. परीक्षक मी. इंग्रजी शिकलेली बाई पक्षपात करत नाही, अशी गल्लीची समजूत होती. मी सजावट, स्वच्छता आणि शिस्त असे तीन भाग पाडून गुण देत असे.

गुलाबरावांच्या मुलीचं नाव रंजू. तिचा बैल दरवर्षी पहिला यायचा. बैल तिचा म्हणायचा इतकंच. श्रावण लागला की गुलाबराव ओसरीत ठाण मांडून बसत. कोणी हाक मारली तर मान वर न करता म्हणत, "बैल रंगवून राहिलो. मंग या." रंजूने हात लावला की ओरडत, "काहून हात लावतं वं? रंग ओला हाय!"

त्या वर्षी त्यांनी कमालच केली. बैलाला आरशांची झूल, पितळी घुंगरांच्या माळा, शिंगांवर पेटणारे दिवे आणि दिव्यांसाठी पोटाखाली भलीमोठी बॅटरी. दोन माणसांनी उचलून तो मैदानात आणला. सगळे बघत राहिले. मी मनातल्या मनात दहापैकी दहा देऊनही टाकले.

रंजूच्या हाती रेशमी दोरी होती. तिने ओढली. बैल हलला नाही. तिने दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढली. दिवे तेवढे लुकलुकले.

"तू नुसती धरून राह्य," गुलाबराव म्हणाले. "मागून ढकलाले माणसं हायत."

बाकीची पोरं आपले उघडेबोडके बैल घेऊन मैदानभर धावत होती. रंजूने त्यांच्याकडे पाहिलं, दोरी टाकली आणि तिथेच चिखलात बसली, नव्या फ्रॉकसकट.

"ऊठ वं. पयला नंबर जाईन."

"मले नाई पायजे पयला नंबर. मले बैल ओढाचा हाय."

शेंडे हळूच म्हणाले, "ओढू द्या ना गा पोरीले." आता गुलाबराव शेंड्यांवर उसळणार, असं मला वाटलं. पण ते मुलीकडेच पाहत होते. मग खाली बसले आणि त्यांनी बॅटरीची तार उपटली. दिवे गेले. बॅटरी काढली, झूल उतरवली, माळा सोडल्या, आणि बैल होता तेवढाच राहिला, मांजराएवढा.

रंजू सुटली! काय धावली ती. बैल उलटा झाला, सुलटा झाला, चिखलाने माखला, त्याचा एक कान उडाला. मागे सगळी पोरं ओरडत धावत होती, आणि मी, शिस्तीचे गुण देणारी बाई, टाळ्या वाजवत होते.

गुलाबराव माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "वहिनी, आमचं नाव काटा," म्हणाले. मग मैदानाकडेच बघत हळू आवाजात म्हणाले, "माह्या बैलाले पयलं बक्षीस भेटलं होतं, तवा बापानं तो कपाटावर चढवला. चाकं घासतीन म्हणे. मी खालून पाहत राहो. बाप गेल्यावर उतरवला, त चाकं नवी कोरी होती. पण मी मोठा होऊन गेलो होतो ना."



ते तसेच मैदानात गेले. "रंजे, मले बी एक चक्कर देशीन काय वं?"

"लाइनीत उभे राहा," रंजू म्हणाली. तिच्या बैलासाठी पोरांची रांग लागली होती.

गुलाबराव धोतर सावरत गेले आणि सर्वांत शेवटी, शेंड्यांच्या चिमुरडीच्या मागे उभे राहिले. आपली पाळी येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मी त्या दिवशी निकाल लावलाच नाही. कोणी मागितलाही नाही. आमच्या गल्लीत तान्हा पोळा अजून होतो, नंबर निघत नाहीत आणि बोजारा सगळ्यांना सारखा मिळतो.

तुमची आजी