दातारबाईंचं वाण

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या दातारबाई कोणाच्याही घरी आल्या की बसायच्या आधी विचारतात, "बंद पडलेला कॉम्प्युटर आहे का गं?" असला, की त्यातली हार्ड डिस्क काढून थेट पिशवीत! जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, लग्न केलं नाही आणि वेड एकच, धातूंचे थर. "अगं, केसाहून हजारो पट पातळ थर, एकावर एक! लोहचुंबक जवळ नेलं की विजेचा रोध झपकन उतरतो. तुझ्या हार्ड डिस्कमधल्या वाचणाऱ्या दांडीच्या टोकावर हेच बसलंय आणि तुला पत्ता नाही!" नसतोच मला पत्ता.

यंदा संक्रांतीनंतर बाईंनी जाहीर केलं, "माझ्याकडे हळदीकुंकू. आणि प्रयोग!" बिनलग्नाच्या म्हणून त्यांना आजवर कोणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नव्हतं. हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मला म्हणाल्या, "मीटरवरचा आकडा हलला नाही तर हसं होईल गं माझं. पुन्हा कुठल्या तोंडाने बोलावू?"

आम्ही सगळ्या नटूनथटून गेलो. बाईंनी दारातच हळदकुंकू लावून वाण हातावर ठेवलं. हार्ड डिस्कमधलं लोहचुंबक, प्रत्येकीला एक! सत्तरीच्या परबकाकूंचं तर साडीच्या पिनेलाच चिकटलं. "ह्यां काय गो वाण!" काकू करवादल्या.

मग टेबलाभोवती आमचा घोळका जमला आणि थरांचा रोध मोजणाऱ्या मीटरवरचे आकडे अंगात आल्यासारखे नाचायला लागले. बाई घामाघूम. तारा तपासल्या, सांधे दाबून पाहिले. एकदम कपाळावर हात मारून ओरडल्या, "अय्या, वाण! वाण परत द्या!"

"दिलेलां वाण परत?" परबकाकू उसळल्या.

"द्या हो काकू! तुमची सगळ्यांची चुंबकं माझ्या थरांना भंडावताहेत!"

चुंबकं डब्यात भरून स्वयंपाकघरात गेली. आकडा गप्प झाला. बाईंनी एकच चुंबक अलगद जवळ नेलं. आकडा उतरला! दूर नेलं, चढला. पुन्हा जवळ, उतरला! "बघा, बघा गं!" बाई अक्षरशः नाचल्या. टाळ्यांचा नुसता कडकडाट. तळमजल्यावरच्या शिंदेवहिनींनी तर शिट्टी मारली.

मग आम्ही उठलो, पुढची घरं होती ना. "थांबा ना," बाई म्हणाल्या. "अजून एकदाच दाखवते." आवाज एवढासा झाला होता.

दारापर्यंत गेलेल्या परबकाकू वळल्या. टेबलावरचा करंडा उचलला. "सगळ्यांका लावलंस, आणि तुका गो?" बाईंच्या कपाळाला कुंकू टेकवून त्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या. "दाखव आता परत. दुसरी घरां काय पळान जातत?"

आम्हीही बसलो. आकडा पुन्हा उतरला. पण बाई आमच्याकडेच बघत होत्या.