भावोजींचं सेटिंग

आमचे भावोजी माझ्या दुकानात येतात तेव्हा आधी दाराच्या चौकटीला खांदा आपटतात, मग बाहेर मांडलेल्या बादल्यांत पाय घालतात, आणि मग माझ्याच पायावर पाय देऊन मला, म्हणजे विजूलाच, विचारतात, "विजू आहे का रे दुकानात?" आणि हाच माणूस घराच्या मागील दारी उभा राहून दहा मीटरवरच्या कार्डात, टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यावर, एअर रायफलीने छर्‍यावर छर्रा घालतो. सगळे एकाच भोकात. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. मांडवीतले लोक म्हणतात, सर नाटक करतात.

सर म्हणजे मुरारी शिवलकर, माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. हायस्कुलात शारीरिक शिक्षणाचे मास्तर होते, एनसीसीही त्यांच्याकडेच. निम्म्या रत्नागिरीने त्यांच्या शिटीवर उठाबशा काढलेल्या आहेत. आता ती पोरं बापय झाली, कोणाच्या होड्या आहेत, कोणाची दुकानं आहेत, तरी रस्त्यात सर दिसले की नमस्कार करतात. सर सरळ पुढे. एकदा एकाने भर बाजारात वाकून पायाला हात लावला, तर सर त्याच्या अंगावरून कोलमडले आणि वर त्यालाच म्हणाले, रस्त्यात काय शोधत बसतोस. निवृत्त झाल्यापासून सरांना शिंगं फुटली, असं गावात बोललं जातं. मी किती जणांना समजावत बसू.

खरी गोष्ट अशी की भावोजींना काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याला मधलं लख्ख दिसतं, पण कडेकडेने अंधार आत येतोय. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायला थेंब घाला. ताई सकाळ-संध्याकाळ थेंब घालते. पण त्या घरात हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. चौकटीला डोकं आपटलं तर चौकटीचं सेटिंग चुकलेलं असतं. ताटाबाहेर भात सांडला तर ताटाचं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमच्याकडे अंगणापासून माडापर्यंत सगळंच वाकडं.

सेटिंग हा भावोजींचा परवलीचा शब्द. बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं कमी पडली तर सेटिंग. एसटी उशिरा आली तर डेपोचं सेटिंग. माझं लग्न ठरत होतं तेव्हाही त्यांनी मुलीच्या बापाला विचारलं होतं म्हणे, मुलीचं स्वयंपाकाचं सेटिंग कसं काय आहे. लग्न झालं ते त्या माणसाच्या सहनशीलतेमुळे.

आणि ह्या सगळ्या सेटिंगांचा बाप म्हणजे ती रायफल. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, निदान गणपतीपुळ्याला तरी जातात. भावोजी मुंबईला गेले आणि कोणा नेमबाजाने वापरून टाकलेली एअर रायफल घेऊन आले. एकच इच्छा होती. ज्येष्ठांच्या गटात जिल्हा स्पर्धा मारायची आणि एकदा, फक्त एकदा, पुण्याला राज्य स्पर्धेत उभं राहायचं. तरुणपणी एनसीसीतून संधी आली होती, तेव्हा वडील आजारी पडले आणि राहून गेलं. आता डोळा मिटायच्या आत ते उरकायचं होतं. हे त्यांनी मला बोलून दाखवलं नाही. पण दुसरी घाई त्यांना कसली असणार?

बंदूक अंगाला बसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी माझं दुकान लुटलं गेलं. दस्ता खांद्याला आखूड पडतो म्हणून रबराचे वॉशर नेले. मग लांब झाला म्हणून त्यातले काही काढले, ते परत आणून दिले नाहीत. गाल टेकवायची फळी उंच झाली म्हणून पॉलिश पेपर, मग सखल झाली म्हणून रेक्झिन. घोडा इतका हलका करून ठेवला होता की ताईने कपाट जोरात लावलं तर सुटेल अशी मला धास्ती. दुकानात गिर्‍हाईक उभं, आणि भावोजी काउंटरवर वाकून मला सांगताहेत की मान किती वाकते त्यावर डोळा पीपच्या किती मागे राहतो ते ठरतं. पीप म्हणजे बंदुकीच्या मागच्या टोकाला असलेलं बारीक भोक. त्यातून बघायचं, पुढच्या टोकाला एक कडी असते तिला माशी म्हणतात, त्या कडीत कार्डावरचा काळा गोल धरायचा. गोलात गोल. गिर्‍हाईक बिचारं खिळे न घेताच निघून जायचं.

नळी पुढून हलकी पडते, हलते, असं त्यांच्या डोक्यात आलं तेव्हा कहर झाला. त्यासाठी वजनं मिळतात, पण ती मागवायला धीर कोणाला? भावोजी बंदरावर गेले आणि जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं घेऊन आले, जुनी, वापरलेली. ती चिकटपट्टीने नळीला गुंडाळली. हात खरंच स्थिर झाला. पण मागील दारी नेम धरून उभे राहिले की शेजारपाजारची मांजरं गोळा होऊन त्या बंदुकीकडे आशेने बघत बसायची. ताई म्हणाली, ह्यांच्या बंदुकीला सुकटीचा वास येतो, देव्हार्‍यासमोरून नेऊ नका म्हणावं.

ताईचे हाल तर विचारू नका. मागील दारी नेमबाजी सुरू असली की धुणं वाळत घालायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, हसायचं नाही. ती पडवीत मासे निवडत गप्प बसायची आणि मधूनमधून माझ्याकडे बघायची. एकदा तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "विजू, ह्यांना अडवू नकोस हं. तेवढा वेळ तरी ते कशाला आपटत नाहीत." मी अडवणार होतो थोडाच? पण त्या दिवशीपासून वॉशरचे पैसे धरले नाहीत.

जिल्हा स्पर्धा रत्नागिरीतच होती, एका हॉलमध्ये. भावोजींनी मला बरोबर घेतलं, म्हणजे बंदुकीची पेटी माझ्या खांद्यावर आणि त्यांचा हात माझ्या दंडावर. तो हात मी तसाच राहू दिला. आत गेल्यागेल्या तपासणी. बंदूक काट्यावर ठेवली तर वजन जास्त भरलं. तपासणारा तरुण ती शिशाची वजनं वास घेत घेत बघत होता. त्याने सांगितलं, काका, हे काढावं लागेल. मला वाटलं आता भावोजी त्याचं सेटिंग काढणार. पण त्यांनी मुकाट्याने दोन वजनं सोडली, बंदूक खांद्याला लावून पाहिली, आणि त्यांच्या चेहर्‍यावर जे काही आलं ते मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, विजू, आत्ता बसली. इतकी वर्षं नुसती जड करत होतो.

मग स्पर्धा. ओळीने सगळे आपापल्या लेनवर उभे. समोर आपापलं कार्ड, वर आपापला नंबर. भावोजी तीन नंबरवर, चारवर खेडचे एक निवृत्त तलाठी. गोलमटोल, घामाघूम झालेले, सज्जन. मागे आम्ही नातेवाईक बाकड्यांवर. बोलायची बंदी. पहिली कार्डं झाली, भावोजींचे गुण सगळ्या ज्येष्ठांत वर. मी ताईला फोन करायला बाहेर गेलो, ती म्हणाली, देवाला साखर ठेवते. परत येऊन बसलो तर सुटीनंतरची कार्डं सुरू झाली होती. भावोजी छर्रा भरायला मान खाली घालत, वर बघत, गाल टेकवत. संथ. समुद्र ओसरतो तसे. मला काय त्यातलं कळतंय, पण इतकं शांत त्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं. माझाही जीव भांड्यात पडला.

खेडचे तलाठी मात्र खुशीत येत चालले होते. शेजारी दुर्बीण होती, तिच्यातून ते आपलं कार्ड बघायचे, भुवया वर करायचे, पुन्हा बघायचे. नंतर त्यांनीच मला सांगितलं, जन्मात पहिल्यांदा मध्यावर लागत होते, म्हटलं हात बसला, कुलदैवत पावलं. हा माणूस मनाने इतका सरळ की आपण मारले त्याहून जास्त भोकं कशी, हे मोजायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ते रेंज ऑफिसरच्या डोक्यात आलं. कार्डं बदलताना त्याने थांबवलं. चार नंबरचं कार्ड मध्यभागी पार चाळण झालेलं, आणि तीन नंबरचं कोरं. एकही भोक नाही, नुकत्या छापून आलेल्या लग्नपत्रिकेसारखं कोरं.

झालं काय होतं ते सांगतो. सुटीनंतर भावोजी परत आले ते जरासे तिरके उभे राहिले. एवढंच. मान वर करायची, पीपला डोळा लावायचा, गोलात गोल धरायचा. पण पीपातून नंबर दिसत नाही. तुमची-आमची नजर बंदूक उचलता उचलताच कडेने नंबर वाचते, आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यांची वाचत नव्हती. काळे गोल सगळे सारखेच. सगळं कार्ड त्यांनी शेजार्‍याला मारलं, आणि मारलं ते असं की तिथल्या पोरांनीही कौतुकाने बघितलं. नियमाप्रमाणे त्या कार्डाचे सगळे गुण शून्य, म्हणजे पुणं गेलं. रेंज ऑफिसर भला माणूस होता, दोनदा नियमाचं पुस्तक चाळलं त्याने. पण पुस्तक ते पुस्तकच. खेडचे गृहस्थ रडवेले होऊन म्हणत होते, माझे द्या ना त्यांना, मला काय करायचेत.

भावोजी गडबडले नाहीत. त्यांनी विचारलं, नंबर कुठे असतो? रेंज ऑफिसरने बोट दाखवलं. भावोजींनी त्या बोटाकडे बघितलं, मग मान फिरवत फिरवत नंबर शोधला, सापडल्यावर मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे बसलेल्या अर्ध्याअधिक लोकांना त्या क्षणी कळलं की सर नाटक करत नव्हते.

रिक्षात मला राहवेना. मी आपला तणतणलो. म्हटलं, त्या लोकांचंच चुकलं, नंबर एवढे बारीक काढतात का, सगळं सेटिंगच चुकीचं. मनात म्हटलं, तेवढं तरी त्यांच्या तोंडचं त्यांना द्यावं. पण त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही रे विजू. आज सेटिंग बरोबर होतं."

मांडवीचा रस्ता लागला तेव्हा पुन्हा बोलले. म्हणाले, "तुला माहितीय, पीपातून बघताना सगळ्यांनाच एवढंसं दिसतं. कुठल्याही चॅम्पियन पोराला पण तेवढंच, मला पण तेवढंच. बाकी दिवसभर मी एकटा असतो."

मी रस्त्याकडे तोंड करून बसलो. रिक्षावाला त्यांचाच विद्यार्थी निघाला, त्याने पैसे घेतले नाहीत. तो कोण हे भावोजींनी ओळखलं नाही.

रायफल त्यांनी पुसून, तेल देऊन नेमबाजी क्लबच्या पोरांना देऊन टाकली. वॉशरसकट. मला वाटलं आता माणूस खचणार, अंथरूण धरणार. ताईही तेच धरून बसली होती. पण तसं काही झालं नाही. दुकानात यायचे, आपटायचे, जायचे. फक्त काही मागायचे नाहीत, आणि मला ते असह्य व्हायचं. मी एकदा उगाच म्हटलं, नवीन वॉशर आलेत. ते म्हणाले, बरं झालं.

परवा मी कोकमं घेऊन त्यांच्याकडे गेलो. ताई मागील दारी पडवीच्या पायरीवर बसून ती फोडायला लागली, हात लालभडक, तोंडाची टकळी चालू. भावोजी परसाच्या पार दुसर्‍या टोकाला खुर्ची टाकून बसलेले. एवढ्या लांब. ताई इकडून ओरडून बोलणार, ते तिकडून हूं म्हणणार. मला जरा रागच आला. बायको दिवसभर तुमच्यामागे धावते, डोळ्यात थेंब घालते, आणि तुम्ही पाहुण्यासारखे लांब जाऊन बसता? मी तडक त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, भावोजी, तिच्याजवळ बसा की.

त्यांनी मला खुणेने खाली बसवलं. ताईला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक केला.

"जवळून मला तिचं नुसतं नाक दिसतं, नाहीतर नुसतं कपाळ," म्हणाले. "लांब गेलो की अख्खी मावते. हात, पाय, अंबाडा, सगळी. पहिल्यांदा मी पायरीशी बसायचो. मग विहिरीजवळ. आता इथून मावते."

समोर ताई कोकमाच्या बिया सुपात टाकत मला काहीतरी विचारत होती, चहा टाकू का असं असावं. भावोजी तिच्याकडे बघत होते, डोळा न मिटता. मी नुसता हात हलवला, आणि उठताना आधाराला त्यांच्या खुर्चीची पाठ धरायला गेलो. बोटं मध्ये शिरेनात. खुर्ची मागच्या गडग्याच्या, परसाच्या दगडी कुंपणाच्या, चिर्‍याला टेकलेली होती.