मुक्कामाचा टेम्पो

शनिवार, ७ डिसेंबर. सकाळी स्वयंपाक लवकर उरकून मी शिलाई मशीनवर बसले, कारण दुपारी टेम्पो येणार होता आणि त्याचे पडदे शिवायचे राहिले होते.

टेम्पो माझ्या थोरल्या भावाचा, हरीदादाचा. पडद्याचं माप म्हणून त्यानं पेणहून सुतळीचे दोन तुकडे पाठवले होते. गाठ मारली आहे तिथपर्यंत पडदा. इंच, फूट यांवर त्याचा विश्वास नाही. उभा जन्म त्यानं पेणच्या कारखान्यांतले गणपती गावोगाव पोचवले. मूर्ती सुतळीनं मोजायची, पेंढ्यात बसवायची आणि गाडी अशी हाकायची की आतल्या उंदरालाही कळू नये. "सुतळी खोटं नाय बोलत, बाय," असं तो म्हणतो. दुसरं म्हणतो ते "धक्का नाय लागला पायजे." हे तो मूर्तीबद्दल म्हणतो, अंड्यांबद्दल म्हणतो, आणि कुणाच्या लग्नाची बोलणी चालू असली तरी म्हणतो.

यंदा गणपतीचा हंगाम संपल्यावर त्यानं टेम्पोच्या हौद्यात राहायची सोय करायला घेतली. वर ताडपत्री, आत फळ्यांचा बाक, बाकाखाली खोकी, नळ लावलेला पाण्याचा कॅन, छोटी शेगडी, बॅटरीवरचा पंखा. इथपर्यंत ठीक. पण बाकावरची गादी त्यानं ज्या रीतीनं पारखली, त्यावर अख्खी आळी हसली. त्यानं कारखान्यातून हातभर उंचीची शाडूची कच्ची मूर्ती आणली. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. "आखणी होईतवर ती मातीच, पाप नाय," असं त्यानं मी विचारायच्या आधीच सांगितलं. मूर्ती गादीवर निजवायची, वडखळच्या नाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्या खेपेत कान गेला. त्यानं गादीत पेंढा वाढवला. दुसऱ्या खेपेला नव्या मूर्तीची सोंड गेली. मग त्यानं पेंढ्याखाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बसवल्या. तिसरी मूर्ती धड परत आली, तेव्हा त्याचा मला फोन. "सोंड शाबूत, म्हंजे माझी मान शाबूत."

मी हसले. संध्याकाळी ह्यांना सांगून त्यांनाही हसवलं.

त्यानंतर दर शनिवारी दादा फिरायला निघू लागला. पहिल्या शनिवारी वडखळ. लोक तिथं वडा खायला थांबतात, हा मुक्कामाला राहिला. दुसऱ्या शनिवारी नागोठणे. तिसऱ्या शनिवारी निडी, स्टेशनच्या बाहेर. मी फोनवर म्हटलं, दादा, लोक असली गाडी करून काश्मीर बघतात, तू निडीला काय बघितलंस?

"स्टेशन."

"आणि?"

"बरं हाय. कोणाला तरास नाय झाला."

चौथ्या शनिवारी तो रोह्याला येतो म्हणाला.

इथं आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. पाहुण्यानं संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. नियम मीच केला, काही वर्षांपूर्वी. वहिनी जाऊन वर्ष झालं होतं, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दादा आठ दिवसांसाठी आमच्याकडे, रोह्याजवळ वरश्याला, आला होता. मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर. दादा रोज पहाटे साडेपाचला आंघोळीला उठायचा, आणि जन्मभर एकही मूर्ती न आपटलेला हा माणूस न्हाणीघरात बादली मात्र दाणकन आपटायचा. पट्टीच्या डोळ्यानं त्याला जमिनीचा अंदाज येत नव्हता, हे मला आता सुचतं. सहाव्या दिवशी मी त्याला तोंडावर सांगितलं, की दादा, दिवसा हवा तेवढा ये, पण मुक्कामाचं माणूस मला झेपत नाही. मी स्पष्ट बोलते, मनात काही ठेवत नाही, असं मी स्वतःबद्दल अभिमानानं सांगत असते. मनात ठेवायचं काम मग ऐकणाऱ्याकडे जातं.

"बरोबर हाय," म्हणून तो त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्यानंतर महिन्यातून एकदा यायचा, जेवायचा, आणि पाचला घड्याळ बघून उठायचा. मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिची खोली रिकामी झाली. नियम तसाच राहिला.

तर दुपारी टेम्पो आला. ताडपत्रीला ठिगळं, मागच्या फळीवर गुलालाचे न निघालेले डाग, बाजूला पेंढ्याच्या काड्या लोंबताहेत. मी खिडकीतूनच हात केला, की पुढं नको, मागं पाण्याच्या टाकीशी लाव. बिल्डिंगमधल्या गाड्यांच्या रांगेत तो नको, एवढंच माझ्या मनात होतं. खाली जाऊन दादाला घेऊन वर येत होते, तेवढ्यात जिन्यात समोरच्या पाटकरबाई भेटल्या. टेम्पो कुणाचा म्हणून त्यांनी सहज विचारलं.

मी म्हणाले, "पेणहून सामान आलंय."

दादा माझ्या मागं दोन पायऱ्यांवर होता. त्याच्या हातात माझ्यासाठी आणलेली पोह्याच्या पापडांची पिशवी होती. ती त्यानं खांद्यावर घेतली, हमाल घेतो तशी, आणि मला विचारलं, "कुठं ठेवू, ताई?"

जन्मापासून तो मला बाय म्हणतो.

जेवताना तो नेहमीसारखाच बोलला. वालाचं बिरडं दोनदा वाढून घेतलं. पाच वाजले, त्यानं घड्याळाकडे बघितलं आणि उठला. मी म्हटलं, आता कुठली गाडी चुकतेय? "सवय," म्हणाला आणि खाली गेला.

थोड्या वेळानं मी पडदे घेऊन गेले. दादा कॅनमधल्या पाण्यानं पाय धूत होता. पाणी पेणहून भरून आणलेलं. मी विचारलं, शेजारी एवढी टाकी आहे, वर माझं घर आहे, तू पाणी कशाला वाहून आणलंस?

"तूच बोललीस ना, मुक्काम झेपत नाय. खरं बोललीस. मंग मी लय इचार केला." त्यानं बाकावर थाप मारली. "मुक्काम माझा, घर तुझं. दिवसाचा वर, रातचा इथं. तुला धक्का नाय, मला धक्का नाय."

तक्रार केली असती तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं देता येतात. पण तो खूश होता. तिसरी मूर्ती धड आली तेव्हा फोनवर जसा होता, तसा.

मी विचारलं, "मग ते वडखळ, नागोठणे, निडी?"

"एकदम तुझ्या दारात येऊन घोरलो असतो, तर? आधी बघाया नको? निडीला च्यावाल्याला इचारला सकाळी, काय आवाज आला काय रं? नाय बोलला. तवा आलो."

मी पडदे लावायला घेतले. ते चार बोटं तोकडे झाले. कापड वाचवायला मी गाठीच्या अलीकडेच कात्री चालवली होती. दादानं मापाची सुतळी पडद्याशी धरली, खाली उरलेली गाठ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "चालंल. हवा येईल."

रात्री मी मुलीच्या खोलीतल्या पलंगावरची खोकी उतरवून गॅलरीत रचली. ह्यांनी काय चाललंय विचारलं. मी गादीवर धुतलेली चादर घातली.

रविवारी पहाटे मी गिझर लावला, खाली जाऊन टेम्पोच्या फळीवर टकटक केलं. दादा जागाच होता. पंचा खांद्यावर टाकून बाकावर बसला होता, उजाडायची वाट बघत.

"पाणी तापलंय. वर चल."

तो उठला नाही. "कोणाची परीक्षा नाय ना?"

"नाही. चल."

जिन्याशी त्यानं चपला काढून हातात घेतल्या. पाटकरबाई दारात दुधाची पिशवी उचलत होत्या. मी थांबले आणि सांगितलं, "हा माझा थोरला भाऊ, हरीदादा. राहायला आलाय."

मग आम्ही घरात गेलो. न्हाणीघरात त्याच्यासाठी बादली ठेवताना ती मी मुद्दाम दाणकन आपटली.