चाळिसाचे बावीस

दोन गोष्टी एकत्र जोडल्या की एक गोष्ट कमी होते, हे प्रशासनाचे मूलतत्त्व आहे. कमी झालेली गोष्ट नेमकी कोणती होती हे कळायला थोडा वेळ लागतो, पण तोवर जोडणाऱ्याची बढती झालेली असते.

हे तत्त्व संशोधन संस्थेला पूर्वीपासून ठाऊक होते. त्याला शास्त्रीय आधार तेवढा नव्हता. तो आधार ठिपकेबाईंनी मिळवून दिला आणि तोही स्वतःच्या नकळत, यावरून त्यांची सेवा किती निरपेक्ष होती हे ध्यानात यावे.

ठिपकेबाई तळमजल्यावरच्या अंधारखोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसत. उंदराच्या पोटी शुक्रपेशी घडत असताना तिच्या केंद्रकात कोणते गुणसूत्र कोणाच्या शेजारी बसते, याची त्या अकरा वर्षे नोंद करत होत्या. गुणसूत्रांची टोके रंगवली की ठिपक्यांसारखी चमकतात आणि ते ठिपके मोजावे लागतात, म्हणून हे नाव. (खरे नाव हजेरीपटावर आहे. हजेरीपट कुठे आहे ते पुढे येईल.)

साध्या उंदराच्या पेशीत चाळीस गुणसूत्रे असतात. बाईंच्या उंदरांत त्यांतली बहुतेक दोन-दोन करून टोकाला टोक चिकटलेली होती आणि एकूण भरत होती बावीस. माल तेवढाच, गाठोडी कमी. असे उंदीर दुसरीकडे कुठेही नव्हते. अंधारखोलीच्या मागे उंदीरघर होते आणि तिथे उंदीरमामांनी त्यांच्या सात जोड्या एकोणीस पिढ्या सांभाळल्या होत्या. उंदरीण आवाजाने बिथरली की पिल्ले खाते, म्हणून मामा रबरी तळव्यांचे बूट घालत, दाराच्या बिजागऱ्यांना दर सोमवारी तेल देत आणि खोकला आलाच तर आवारात जाऊन खोकून येत. घरी मामी म्हणायच्या की एवढी काळजी त्यांनी बाळंतपणात आपलीही घेतली नव्हती. मामांनी हा आरोप कधी नाकारला नाही.

नियम असा होता की दर तीन वर्षांनी संस्थेच्या समितीला अहवाल द्यायचा. मंजुरी मिळाली तर जोड्या पुढे ठेवायच्या, नाही तर वंश बंद. तीन वर्षे भरत आली होती. बाईंनी जीव ओतून बारा पानांचा अहवाल लिहिला.

पहिल्या अकरा पानांत उंदरांचे वजन, भूक, केसांची चमक वगैरे होते. अकरावे पान या वाक्यांवर संपत होते : ‘चाळिसाची बावीस होऊनही मूळ द्रव्याचा ऱ्हास आढळत नाही. उंदीर बाहेरून धडधाकट दिसतो.’ बारावे पान ‘मात्र’ या शब्दाने सुरू होत होते.

(बाराव्या पानाचा मजकूर थोडक्यात असा. मात्र खरी गडबड दिसते ती घडत असलेल्या शुक्रपेशीत. साध्या उंदरात प्रत्येक गुणसूत्राची टोके केंद्रकाच्या भिंतीला धरून असतात. दोन गुणसूत्रे जोडली की जोडलेली टोके मधोमध अडकतात आणि त्यांची भिंत सुटते. मग ज्यांना कोणी हातही लावला नाही, त्यांचेसुद्धा शेजारी बदलतात. अशा उंदराचा साध्या उंदराशी संकर केला, तर त्या पिल्लांच्या पेशीत एका जोडलेल्यासमोर दोन सुटी येतात, म्हणजे तिघांची जोडी, आणि तीन तिघाडा काम बिघाडा. जे बिघडते ते त्या उंदराकडे पाहून कळत नाही. ते पुढच्या पिढीत कळते, पुढची पिढी आली तर.)

संस्थेची एक जुनी आणि शहाणपणाची प्रथा आहे. कुठल्याही अहवालाचे शेवटचे पान आवक विभाग पोच म्हणून ठेवून घेतो, कारण शेवटच्या पानावर आभार असतात आणि आभार कोणी वाचत नाही. त्यामुळे समितीपुढे अकरा पाने गेली.

संचालकांनी ती एका बैठकीत वाचून काढली आणि त्यांचे डोळे उघडले. आठव्या दिवशी परिपत्रक निघाले. निसर्गाने चाळिसाचे बावीस करून दाखवलेच आहेत, तेव्हा संस्थेच्या चाळीस विभागांचेही बावीस करण्यात येत आहेत. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. इथे उंदीर पोखरून डोंगर निघाला. ग्रंथालय कॅन्टीनला जोडण्यात आले. हजेरी विभाग हरवले-सापडले विभागाला जोडला (पटाचा शोध चालू आहे). तक्रार निवारण भंगार कोठीला, आवक जावकला, अंधारखोली सभागृहाला आणि उंदीरघर छपाई विभागाला. छपाईचे यंत्र उंदीरघरात आले. ज्यांच्या खुर्च्या वर्षानुवर्षे भिंतीला टेकून होत्या, ते आता दोन विभागांच्या मधोमध बसू लागले आणि पाठीमागे कोण उभे आहे या चिंतेने दिवसभर मान वळवू लागले.

बाई तडक संचालकांकडे गेल्या.

“साहेब, तुम्ही बारावं पान वाचलंत का?”

“बाई, अकरा पानं इतकी सुरेख उतरली आहेत की बाराव्याची गरजच भासली नाही.”

“अहो, ‘मात्र’ तिथेच आहे!”

“ते आवक विभागात आहे ना? मग सुरक्षित आहे. आणि अभिनंदन, तुमच्या उंदरांना तीन वर्षं मंजूर! आता उंदीर हाच आपला आदर्श.”

मंजुरीचा कागद हातात घेऊन बाई आवक विभागात गेल्या. तिथे समजले की पान कालच बाहेर गेले. कुठे, असे विचारल्यावर ‘जावककडे’ असे उत्तर मिळाले. जावकचे टेबल त्याच टेबलाची दुसरी बाजू होती. तिथून ते पान आज सकाळी आवककडे रवाना झाले होते.

पहिल्या महिन्यात तीन उंदरिणींनी पिल्ले खाल्ली. मामांनी यंत्राखाली घरची गोधडी अंथरली. छापणारा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “मामा, मलाही कळतंय हो. पण परिपत्रकाच्या चार हजार प्रती मी काय हातानं लिहू?” याच काळात संस्थेने कर्मचाऱ्यांचे समाधान मोजले, तेव्हा ते शंभर टक्के भरले. (एकशे सत्तर प्रपत्रे वाटली होती. एक परत आले. ते संचालकांचे होते.)

तिसऱ्या महिन्यात एकच उंदरीण गाभण राहिली. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ज लिहिला : ‘उंदीरघरात एकवीस दिवस शांतता मिळावी ही विनंती.’ बाईंनी त्यावर सही केली, स्वतः तो घेऊन तीन मजले चढल्या आणि विशेष म्हणजे अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. एवढ्या तत्परतेचे संस्थेच्या इतिहासात दुसरे उदाहरण नाही. सर्व दालनांत ‘शांतता राखा’ अशा पाट्या लावण्याचा आदेश निघाला आणि त्या तीनशे पाट्या उंदीरघरातल्या यंत्रावर दोन दिवस अखंड छापण्यात आल्या.

त्या उंदरिणीचे पुढे काय झाले ते सांगण्याची गरज नाही. मामांनी पिंजरा धुतला आणि उन्हात उपडा घातला.

पुढच्या वर्षी बाहेरचे तपासणी पथक आले. पिल्लावळीची दगदग नसल्याने उंदीर चांगले गुबगुबीत झाले होते. पथकाने त्यांच्याबरोबर छायाचित्र काढले आणि शेरा दिला : ‘धडधाकट.’ संस्थेला सर्वोच्च श्रेणी मिळाली. संचालकांना बढती मिळाली.

आणखी वर्षभराने मामा एक म्हातारा नर ओंजळीत घेऊन बाईंकडे आले.

“बाई, हा शेवटचा. कालपर्यंत दोन दाणे खात होता. आज तोंड फिरवतोय.”

बाईंनी तो हातात घेतला. एवढासा जीव, पण त्याचे काळीज बोटाला जाणवत होते, मग जाणवेनासे झाले. अंधारखोलीत सभा चालू होती, त्यामुळे बाईंना रडायला जिन्याखाली जावे लागले. एकोणीस पिढ्यांची नावे त्यांना पाठ होती. घरचे माणूस गेल्यासारखे त्यांना वाटले आणि ते त्यांनी कोणापासून लपवलेही नाही. लपवायला विचारणारे कोणी तरी लागते. मामा शेजारी उभे राहून सवयीने खोकला दाबत होते.

“खोका हो मामा,” बाई म्हणाल्या. “आता खोका.”

त्याच आठवड्यात बारावे पान परत आले. त्यावर शिक्का होता : ‘आभारांची नोंद घेतली.’ मंजुरीची तीन वर्षे अजून पूर्ण झालेली नसल्याने कागदोपत्री सातही जोड्या हयात आहेत.

ही पद्धत आता इतर संस्था मागवून घेत आहेत. मागणी करणाऱ्यास अहवालाची अकरा पाने विनाविलंब पाठवली जातात. वाचकांच्या सोयीसाठी बाराव्या पानाचा मजकूर वर कंसात दिलेला आहे. तो नुसता कंस आहे असे पाहून आपण त्यावरून पुढे सरकला असाल, तर मुळीच संकोच करू नये. समितीत एक जागा रिकामी आहे, आणि आपण बाहेरून धडधाकट दिसता, एवढी पात्रता पुरेशी आहे.