आजीच्या डबीतला दात

सुरुचीने वर्गात सांगून टाकलं होतं, की सोमवारी ती शार्कवर बोलणार आहे आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचा खरा दात दाखवणार आहे. दात अजून कुठेतरी वाळूत पडलेला होता, एवढीच अडचण. म्हणून शनिवारी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून अख्खं घर, असे दात सापडतात त्या कॅडझांडच्या किनाऱ्यावर निघालं: सुरुची, तिचे आईवडील अमृता आणि शैलेंद्र, आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेल्या शैलेंद्रच्या आई, सरलाबाई.

शैलेंद्र कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या मशिनांचा इंजिनिअर. त्याने काठीने वाळूत चौकोन आखून प्रत्येकाला एकेक वाटून दिला. वाऱ्याने चौकोन पुसले. त्याने पुन्हा आखले.

"अरे, जरा टेक. पुऱ्या खा," सरलाबाई म्हणाल्या.

"आई, भरती येतेय! तू तुझा चौकोन बघ."

"माझ्या चौकोनात कुत्रा बसलाय."

उन्हं उतरली तरी पिशवीत नुसते शिंपलेच. सुरुचीची हनुवटी थरथरायला लागली, आणि तेवढ्यात तिच्याच बुटाशी तो दिसला. काळा, चकचकीत, नखाएवढा. तिच्या किंकाळीने कुत्राही उठला.

"पप्पांकडे नको, ते एव्हरीथिंग हरवतात. आजी, तू ठेव."

सरलाबाईंनी तो आपल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवला. पर्समधल्या स्टीलच्या डबीत.

परतताना ट्रॅफिक तुंबला. स्टिअरिंगवर बोटं वाजवून वाजवून शैलेंद्रला पेंग यायला लागली. "आई, तोंडात टाकायला दे ना काहीतरी."

सवयीने मागच्या सीटवरून डबी पुढे आली. अंधारात त्याने चिमूट उचलली.

"आवळासुपारी फार कडक झालीय गं. एक तुकडा चाववेचना. गिळून टाकला."

अमृताने मागे वळून विचारलं, "आई, कुठली डबी दिलीत?"

"माझ्याकडे एकच आहे," सरलाबाई अगदी हळू म्हणाल्या.

घरी पोचल्यावर डबी वर्तमानपत्रावर उपडी केली. सगळा आवळाच. अमृताने डॉक्टरांच्या सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या नंबरवर फोन लावला.

"शार्कचा दात? तुमचे मिस्टर कुठे पोहत होते?" पलीकडच्या बाईंनी काळजीने विचारलं. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "पोटात दुखलं तर फोन करा. नाहीतर वाट बघा."

रविवारभर घराने वाट बघितली. केळी झाली, इसबगोल झालं. शैलेंद्र दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होता आणि तो बाथरूमकडे वळला, की सुरुची दाराबाहेर हजर.

"पप्पा, एनी न्यूज?"

"नाही गं राणी."

सोमवारी ती रिकाम्या हातांनी, कोणाकडे न बघता शाळेत गेली. शैलेंद्रने रजा टाकली. ऑफिसला काय कारण सांगितलं, ते त्याने अमृतालाही सांगितलं नाही.

दुपारी सुरुची उड्या मारतच स्वयंपाकघरात आली. "आजी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मी सांगितलं, दात पप्पांच्या पोटात आहे. टॉम तर नुसता हॅमस्टर घेऊन आला होता! आता शुक्रवारी मी परत सांगायचं, व्हॉट हॅपन्ड."

डबी घासायला घेताना झाकणाच्या खाचेत, आवळ्याच्या चिकट्यात रुतून बसलेलं काहीतरी सरलाबाईंच्या नखाला लागलं होतं. त्यांनी तळहात पुढे केला. काळा, चकचकीत.

सुरुचीने दाताकडे बघितलं. मग आजीची बोटं एकेक करून मिटवली.

"शुक्रवारपर्यंत, आजी. प्लीज."

तेवढ्यात वरून, बाथरूमच्या बंद दाराआडून शैलेंद्रची खोल गेलेली हाक आली. "आई, इसबगोल आहे का गं अजून?"

सरलाबाईंनी जिन्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि मिटलेली मूठ कमरेला खोचलेल्या पदरात नेली.

"आहे रे बाळा, आणते. आज जरा जास्तच घालू का?"